शब्दचर्चा: ‘फ्यूजन’ला मिश्र म्हणावं, जोड म्हणावं की आणखी काही?

रानवाट

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयाच्या चित्रपट-मंडळात पुढच्या महिन्यात ‘हायलँडर’ (१९८६) दाखवणार आहोत. चित्रपटाबरोबर एका पानाचं टिपण वाटायची आमची पद्धत आहे. या वेळी ते माझ्याकडे आलंय आणि मी संगीतावरच लिहायचं ठरवलं. मायकल केमनचं वाद्यवृंदाचं संगीत, क्वीन या ब्रिटिश रॉक बँडची गाणी आणि त्यात स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखाचा रंग, यासाठीच मी हा चित्रपट इतक्यांदा पाहिलाय.

पण पहिल्याच वाक्याला अडले. ‘केल्टिक, ऑर्केस्ट्रल आणि मॉडर्न रॉक यांचं फ्यूजन असलेला फँटसी फिल्मचा साउंडट्रॅक.’ आमच्या सभासदांत सत्तरी ओलांडलेले बरेच जण आहेत, गाणं चांगलं ऐकणारे. हे वाक्य त्यांच्या हातात द्यायला मन होत नाही. ‘साउंडट्रॅक’ला पार्श्वसंगीत लिहिलं तर चालेल का? ‘ऑर्केस्ट्रल’चं काय करू? आणि ‘फ्यूजन’ला मिश्रण म्हटलं की औषधाच्या दुकानात गेल्यासारखं वाटतं.

जुनी तबकडी

पार्श्वसंगीत नको. आपल्याकडे श्रेयनामावलीत ‘संगीत’ आणि ‘पार्श्वसंगीत’ ही दोन वेगळी नावं येतात. गाण्यांच्या चाली एकाच्या, प्रसंगांमागचं वादन कधी कधी दुसऱ्याचं. तुमच्या चित्रपटात तर ही विभागणी अगदी उघड आहे: पार्श्वसंगीत केमनचं, गाणी क्वीनची. दोन्ही मिळून म्हणायचं असेल तर सरळ ‘चित्रपटसंगीत’ लिहा.

साउंडट्रॅक म्हणजे मुळात फिल्मच्या कडेला, चित्रांच्या शेजारून धावणारी आवाजाची अरुंद पट्टी. पुढे त्याच नावाने तबकड्या विकल्या जाऊ लागल्या आणि अर्थ बदलला. ‘हायलँडर’च्या बाबतीत हा दुसरा अर्थ लागूच पडत नाही. चित्रपट आला तेव्हा गाणी आणि पार्श्वसंगीत एकत्र असलेली तबकडी निघाली नव्हती. क्वीनने त्याच वर्षी ‘अ काइंड ऑफ मॅजिक’ काढली. तिच्यातली बरीचशी गाणी चित्रपटातली आहेत, पण काही वेगळ्या रूपात. ‘हू वॉन्ट्स टु लिव्ह फॉरेव्हर’ची सुरुवात तबकडीवर क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे गातो, चित्रपटात ते सगळं मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरीच्या आवाजात आहे. टिपणात हा फरक नोंदवाच, घरी जाऊन गाणं शोधणाऱ्याचा गोंधळ होतो.

सूरपेटी

‘ऑर्केस्ट्रल’बद्दल. मराठी माणसाला ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटलं की गणेशोत्सवातला मंडप दिसतो. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, दोन गायक, एक गायिका आणि जुनी हिंदी गाणी. तो कार्यक्रम मला मनापासून आवडतो, पण इथे तो अर्थ येऊन बसला तर वाचक भलतीकडे जाईल. ‘वाद्यवृंद’ हा शब्दही जाहिरातींमुळे थोडा तिकडेच झुकलाय. तरी ‘पाश्चात्त्य वाद्यवृंद’ असं लिहिलंत की प्रश्न मिटतो. पहिल्या उल्लेखात ‘व्हायोलिन, चेलो, पितळी वाद्यं’ अशी दोन-तीन नावं टाका, पुढे नुसतं वाद्यवृंद पुरे.

आता ‘फ्यूजन’. रानवाटताई, या एका शब्दासाठी मी आज कामं बाजूला ठेवून लिहायला बसलोय. आपल्या संगीतात दोन गोष्टी एकत्र येण्याला एकच शब्द नाही, कारण त्या एकाच प्रकारे एकत्र येत नाहीत हे आपल्या गवयांना पक्कं ठाऊक होतं.

‘मिश्र’ म्हणजे घर एका रागाचं. मिश्र पिलूत पिलूच बसलेला असतो, बाकीच्या रागांचे सूर येऊन भेटून जातात. ‘जोडराग’ म्हणजे दोघं शेजारी, दोघांचे चेहरे स्पष्ट. बसंत-बहारमध्ये आत्ता बसंत चाललाय आणि आत्ता बहार आला, हे कान दाखवून देतो. त्या वळणावरच तर श्रोते मान डोलावतात. आणि तिसरा प्रकार जोगकंससारखा. जगन्नाथबुवा पुरोहितांनी जोग आणि कंस असे एकजीव केले की तो राग आता स्वतःच्या नावाने राहतो, सांधा शोधावा लागतो.

या कानाने ‘हायलँडर’ ऐका. माझ्या मते तो बहुतांशी जोड आहे. ‘प्रिन्सेस ऑफ द युनिव्हर्स’ सुरू झालं की ते निव्वळ रॉक. केमनचा वाद्यवृंद आला की जुना डोंगराळ मुलूख. सांधा दिसतो, आणि तो दिसायलाच हवा, कारण गोष्टच दोन काळांची आहे. सोळाव्या शतकातला स्कॉटलंड आणि १९८५ चं न्यू यॉर्क.

एकच जागा एकजीव आहे. चित्रपटाचा अमर नायक कॉनर तरुणच राहतो आणि त्याची बायको हेदर त्याच्या डोळ्यांदेखत म्हातारी होते, तो प्रसंग. ‘हू वॉन्ट्स टु लिव्ह फॉरेव्हर’ ब्रायन मेचं, त्यातली वाद्यवृंदाची रचना केमनची. तंतुवाद्यं लांब, सावकाश सूर धरून आहेत, त्यावर एकटा आवाज. शेवटी ती त्याच्या कुशीत आहे, माझ्या दर वाढदिवसाला आठवणीची एक मेणबत्ती लाव म्हणून सांगते. तिथे रॉक कुठे संपलं आणि वाद्यवृंद कुठे सुरू झाला, हे मला आजवर बोट ठेवून सांगता आलेलं नाही. इथे ‘मिलाफ’ लिहा. सगळ्या चित्रपटाला मात्र मिलाफ म्हणू नका.

पानसुपारी

वा, सूरपेटी! जोड हा शब्द फार आवडला.

मला एक सुचलं: ‘हायलँडर’ला ‘मावळा’ म्हटलं तर? डोंगरखोऱ्यातला लढवय्या माणूस.

सूरपेटी

मोह मलाही झाला होता. पण मावळा म्हटलं की शिवाजी महाराज येतात, स्वराज्य येतं. कॉनरला कुणी राजा नाही, तो एकटा आहे. नाव आहे तसंच ठेवावं.

मात्र ‘क्लॅन’ला ‘भावकी’ जरूर वापरा. १५३६ च्या लढाईत जीवघेणी जखम होऊनही तो जगतो, आणि सैतानाशी संधान बांधलंय म्हणून त्याचीच माणसं त्याला हाकलून देतात. ‘भावकीने वाळीत टाकलं’ याहून नेमकं वाक्य मला तरी सुचत नाही.

डब्लिनकर

केल्टिक की सेल्टिक, यावर इथे आल्यापासून मी बराच काळ अडखळत होतो. भाषा, लोक आणि संगीत यांच्या बाबतीत ‘क’. ग्लासगोचा फुटबॉल क्लब आणि बॉस्टनचा बास्केटबॉल संघ मात्र ‘सेल्टिक’.

पण शब्दाचा आवाका बघून वापरा. केल्टिक हे भाषाकुलाचं नाव आहे. आयरिश, स्कॉटिश गेलिक, वेल्श आणि फ्रान्समधली ब्रेतों भाषाही त्यात येते. आयर्लंडमधल्या वादकाला विचारलंत तर तो ‘आयरिश संगीत’ म्हणेल. तुमचा चित्रपट स्कॉटलंडचा आहे, तर ‘स्कॉटिश’ लिहा, चुकणार नाही. जिथे दोन्हीकडचे रंग एकत्र येतात तिथे केल्टिक ठीक.

आणखी एक शब्द सुचवतो. बॅगपाइपला एक बोटांनी वाजवायची नळी असते आणि खांद्यावर तीन नळ्या, ज्या सतत एकच आधारस्वर देतात. त्यांना ‘ड्रोन’ म्हणतात. मराठीत ड्रोन आता लग्नात डोक्यावर घिरट्या घालतो, त्यामुळे तो शब्द बाद. सनईच्या ताफ्यात एक जण नुसता आधारस्वर देत असतो, त्याच्या वाद्याला आपण ‘सूर’च म्हणतो. तोच इथे चपखल बसतो.

इथल्या पबमध्ये वादक टेबलाभोवती कोंडाळं करून बसतात, त्याला सेशन म्हणतात. मंच नाही, श्रोत्यांकडे पाठही चालते. पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या शेजारी बोरान वाजवणारी बाई बसली होती. बोरान म्हणजे लाकडी कड्यावर ताणलेलं कातडं, आपला डफच. डावा हात आतून कातड्यावर दाबत सरकवायची आणि आवाज चढायचा-उतरायचा. उजव्या हातात वीतभर दांडी, दोन्ही टोकांनी वाजणारी. तिला म्हणे ‘टिपर’. पुण्यात पथकात ढोल वाजवलेल्या माणसाला ‘टिपरू’ आठवल्याशिवाय कसं राहील? दोन शब्दांचं नातं आहे असा माझा मुळीच दावा नाही. पण त्या संध्याकाळपासून मी बोरानला डफ आणि सेशनला ‘बैठक’ म्हणतो. मैफल नव्हे, भजनाला बसतात तशी बैठक.

जुनी तबकडी

तुलनेला ‘हाउ टु ट्रेन युअर ड्रॅगन’ (२०१०) घ्या. जॉन पॉवेलच्या त्या संगीताला ऑस्करचं नामांकन होतं. घर पूर्णपणे वाद्यवृंदाचं, त्यात पाइप्स आणि फिडल येऊन मिसळतात. सूरपेटींच्या भाषेत ‘मिश्र’. शेवटी नामावलीवर आइसलंडच्या योन्सीचं आजच्या ढंगाचं गाणं येतं, ते मात्र वेगळं उभं राहतं. (फिडल म्हणजे व्हायोलिनच. वाद्य तेच, बाज लोकसंगीताचा.)

आणि रानवाट, फ्रेडीबद्दल एक ओळ घालाच. झांझिबारमध्ये ५ सप्टेंबर १९४६ ला जन्मलेला हा पारशी मुलगा, फारुख बलसारा, पाचगणीच्या बोर्डिंग शाळेत शिकला. ‘द हेक्टिक्स’ हा त्याचा पहिला बँड तिथलाच. तुमच्या सत्तरीतल्या सभासदांपैकी कुणी त्या वर्षांत पाचगणीला असेलही.

रानवाट

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. सुरुवात अशी केलीय:

‘या अद्भुतरम्य चित्रपटाचं संगीत जोडरागासारखं ऐकावं. एका बाजूला पाश्चात्त्य वाद्यवृंद, त्याला स्कॉटलंडच्या डोंगरातला रंग, आणि दुसऱ्या बाजूला क्वीनचं रॉक. दोन्हींचे चेहरे शेवटपर्यंत वेगळे राहतात. फक्त हेदरच्या निरोपाच्या प्रसंगात त्यांचा मिलाफ होतो.’

‘अद्भुतरम्य’ माझं मीच ठरवलं. ‘कल्पनारम्य’पेक्षा त्यात अद्भुतरस ऐकू येतो. ‘आधुनिक’ काढून टाकलं, १९८६ च्या रॉकला आज काय आधुनिक म्हणायचं?

डब्लिनकर

छान झालंय. ‘डोंगरातला रंग’ऐवजी ‘डोंगरातला सूर’ करून बघा, पाइप्स आपोआप ऐकू येतील.

रानवाट

केलं.