यादवी युद्धातला कृष्णवर्णीय ड्रमर मुलगा: ड्रम, कामे, पगार

कागदपेन: अमेरिकन यादवी युद्धावर मुलांसाठी नाटुकले लिहीत आहे. नायक 1863 मधल्या 54 व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीतला, म्हणजे उत्तरेच्या बाजूने लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणीतला ड्रमर. त्याचा ड्रम कसा असावा? दिवसभर तो काय करायचा? फोर्ट वॅग्नर या दक्षिणेच्या किल्ल्यावरील हल्ल्यात त्याला ड्रम बडवत सर्वांत पुढे दाखवू का?

तालपत्र: आधी ड्रम, कारण रंगमंचावर नेमका तोच चुकतो. स्क्रूचा आधुनिक ड्रम घेऊ नका. लाकडी पिंप, व्यास साधारण 16 इंच, दोन्ही तोंडांना वासराचे चामडे, वरखाली लाकडी कड्या आणि त्यांतून नागमोडी ओवलेली दोरी. दोरीच्या जोडीजोडीवर चामड्याचे सरकते पट्टे असतात. ते खाली ओढले की दोऱ्या जवळ येतात आणि चामडे ताणले जाते. खालच्या तोंडावर आतड्याची तात ताणलेली असते. ड्रमचा तो करकरीत आवाज तिचा. फोर्ट वॅग्नर समुद्रकाठी, मॉरिस बेटावर. दमट हवेत चामडे सैल पडून आवाज बसतो, म्हणून वाजवण्याआधी पट्टे ओढायला लावा. उन्हात ड्रम तसाच ताणलेला राहिला तर चामडे फाटते, म्हणून काम झाले की पट्टे पुन्हा वर.

ड्रमचा पट्टा उजव्या खांद्यावरून येतो, ड्रम डाव्या मांडीशी तिरका लटकतो. त्यामुळे डावी काडी अंगठ्याच्या बेचक्यात, तळवा वर. दोन्ही हातांची पकड सारखी ठेवली तर डावी काडी कडीवर आपटत राहील.

जुनी_पलटण: कामाचे म्हणाल तर हा मुलगा म्हणजे छावणीचे घड्याळ. उठणे, हजेरी, जेवण, कवायत, दिवे मालवणे, प्रत्येकाचा ठोका वेगळा आणि सगळे पाठ हवेत. लाँग रोल, म्हणजे न थांबता वाजणारी सलग थाप, हा धोक्याचा इशारा. तो ऐकला की हातातले टाकून शस्त्र घ्यायचे. सरावात उगाच वाजवू देऊ नका. चाल नेहमीची मिनिटाला 90 पावले, जलद 110. ड्रमरचा वेग वाढला की अख्खी रांग विस्कटते.

लढाई पेटली की तोफांत ड्रम ऐकू येत नाही. वादक बहुधा जखमींना उचलण्याच्या, डॉक्टरांना मदतीच्या कामाला लागत. हल्ल्याच्या तोंडाशी ड्रम दाखवू नका, स्ट्रेचर दाखवा. 18 जुलै 1863 च्या त्या संध्याकाळी पलटणीचे सुमारे 600 जण चालून गेले आणि त्यांचे प्रमुख कर्नल शॉ यांच्यासह पावणेतीनशेच्या आसपास मारले गेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. प्रसंग तिथेच आहे.

कागदपेन: पट्टे ओढण्याची कृती पहिल्याच प्रवेशात घेते. वय 12 ठेवले तर? आणि पगार?

जुनी_पलटण: 13 ठेवा. न्यू बेडफर्डचा हेन्री मन्रो त्याच वयाचा ड्रमर होता. त्याच गावचा अलेक्झांडर जॉन्सन 16 वर्षांचा.

पगार वगळू नका, ही तर नाटकाची कळ आहे. गोऱ्या वादकाला महिना 12 डॉलर आणि कपड्यांचा भत्ता वेगळा. कृष्णवर्णीयाला, हुद्दा कोणताही असो, 10. त्यातून कपड्यांचे 3 कापून हातात 7. 54 व्या पलटणीने ते 7 डॉलर घेतलेच नाहीत. फरक भरून द्यायला मॅसॅच्युसेट्स राज्य तयार होते, तेही नाकारले. लढत राहिले, बिनपगारी. समान वेतनाचा कायदा जून 1864 मध्ये आला आणि थकबाकी हातात पडायला सप्टेंबर उजाडला.

तालपत्र: पोस्टरला ते फाटक्या कपड्यांतल्या आणि मग गणवेशातल्या मुलाचे जोडफोटो वापरणार असाल तर नाव छापू नका. त्याच मुलाच्या फोटोखाली कुठे जॅक्सन, 79 वी पलटण असते, तर कुठे टेलर, 78 वी. कुठलेही असले तरी तो 54 व्या पलटणीतला नव्हे.