प्रतिसाद: चिकन मेश नेमकी कशासाठी?

वर कुणीतरी लिहिलंय की खुराड्याला चिकन मेश, म्हणजे षटकोनी भोकांची तारेची जाळी, लावली की मुंगसाची चिंता मिटली. नाही हो! ही जाळी कोंबड्यांना आत ठेवते, शिकाऱ्याला बाहेर नाही. तार बारीक असते, कुत्रा दातांनी फाडतो, शिवाय भोकातून पंजा आत जातो. तिथे बारीक चौकोनांची वेल्डेड जाळीच हवी, आणि तीही थोडी जमिनीत गाडून.

चिकन मेशच्या तारा वेल्ड न करता एकमेकींत पिळलेल्या असल्यामुळे ती हवी तशी वाकते. म्हणूनच वीटकाम आणि काँक्रीटच्या सांध्यावर तडे जाऊ नयेत म्हणून गिलाव्याखाली ती ठोकतात, कागदाच्या लगद्याच्या पुतळ्यांचा सांगाडाही तिचाच करतात. घेताना विणल्यानंतर जस्त चढवलेली घ्या, पिळाच्या जागी लवकर गंजत नाही.