बाहेरच्या निधीतून बीएसएल-३ कक्ष मिळतोय. घ्यावा का?

रानफूल

नमस्कार. मी पशुवैद्यक, सूक्ष्मजीवशास्त्रात पदव्युत्तर. एका प्रादेशिक पशुरोग निदान प्रयोगशाळेत काम करते. पशुधन भरपूर, पैसा कमी आणि वीज बेभरवशाची, असा आमचा भाग. एका परदेशी मदत कार्यक्रमातून आम्हाला बीएसएल-३ कक्ष, म्हणजे श्वासातून पसरू शकणाऱ्या धोकादायक जंतूंवर काम करण्यासाठीची तिसऱ्या जैवसुरक्षा पातळीची बंदिस्त खोली, बांधून मिळण्याची शक्यता आहे. वरिष्ठ खूश आहेत, मला मात्र याची धास्ती वाटते.

सध्याची स्थिती सांगते. जैवसुरक्षा कॅबिनेट (जंतू बाहेर पडू नयेत म्हणून हवा गाळणारी कामाची पेटी) एकच आहे, दुसऱ्या श्रेणीचं. बसवल्यापासून त्याची तपासणी झालेली नाही. ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) चालतो, पण आतलं खरंच निर्जंतुक होतं का हे कोणी बघत नाही. उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये आधीच्या लोकांनी साठवलेल्या कुप्या आहेत. निम्म्यांवरची अक्षरं पुसली गेली आहेत, नोंदवही सापडत नाही. त्यात फाशी (अँथ्रॅक्स) आणि ब्रुसेलाचे (जनावरांत गर्भपात आणि माणसांत रेंगाळणारा ताप आणणारे) जिवंत जंतू असणार, असं जुने सहकारी सांगतात.

कक्ष घ्यावा का? आणि नाही म्हटलं तर साथ आल्यावर काय करायचं? नमुने परदेशी पाठवले की उत्तराला आठवडे लागतात.

निदानरेषा

डॉक्टर, तुमची धास्ती रास्त आहे. मी बरीच वर्षं पशुरोग प्रयोगशाळांमध्ये जैवसुरक्षा अधिकारी म्हणून काम करते आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी यादी करा. तुमच्या भागात कोणते रोग येतात आणि प्रत्येकाच्या निदानासाठी जिवंत जंतू वाढवावा लागतो का, एवढंच लिहायचं. यादी पुरी झाली की लक्षात येईल, जंतू वाढवायची वेळ फार थोड्या वेळा येते. फाशीचं बघा. संशय असेल तर मेलेलं जनावर उघडायचंच नाही, कारण हवा लागली की जंतू बीजाणू (कठीण कवचातली सुप्त रूपं) बनवतो आणि ते मातीत दशकानुदशकं टिकतात. कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब घ्या, काचपट्टीवर पसरा, पॉलिक्रोम मिथिलिन ब्ल्यूने रंगवा. चौकोनी टोकांच्या निळ्या दांड्या आणि त्यांच्याभोवती गुलाबी आवरण दिसलं की निदान झालं. ब्रुसेलोसिससाठी (ब्रुसेलामुळे होणाऱ्या रोगासाठी) रोझ बेंगाल चाचणी आहे, ती रक्तद्रवावर होते. ब्रुसेला वाढवणं मात्र खरोखर धोक्याचं. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना होणाऱ्या संसर्गांत तो जगभर वरच्या क्रमांकावर आहे. प्लेट उघडताना उडालेले अदृश्य थेंब श्वासातून आत गेले तरी पुरे.

लाळ्या खुरकुताची गोष्ट तर फार सुंदर आहे. गोठ्यातच पट्टीवर चाचणी करायची. ती पट्टी ०.२ मोलर सायट्रिक आम्लात १५ मिनिटं बुडवली की जिवंत विषाणू मरतो, पण त्याचा आरएनए, म्हणजे जनुकीय पदार्थ, शाबूत राहतो. मग ती पट्टी संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवता येते आणि तिथे विषाणूचा प्रकार ओळखता येतो. अतिसुरक्षित कक्षाची गरज अशा पद्धतींनी मुळातच कमी होते. आफ्रिकन स्वाइन फीव्हर या डुकरांच्या रोगाचा विषाणू ६० अंश सेल्सिअसला २० मिनिटांत निष्क्रिय होतो. मात्र प्रत्येक जंतूसाठी तापमान आणि वेळ वेगळी असते. एकाची पद्धत दुसऱ्याला लावू नका, आणि निष्क्रियता तुमच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत एकदा तरी तपासून घ्या.

म्हणजे क्षमता वाढवूच नका असं नाही. क्षमता नसली की काय होतं ते १९९८-९९ मध्ये मलेशियात दिसलं. डुकरं खोकत होती, माणसं मेंदूच्या सुजेने मरत होती, आणि हा जपानी मेंदूज्वरच असं धरून डासांवर फवारणी आणि लसीकरण चालू राहिलं. तो नवा विषाणू, निपाह, ओळखला गेला १९९९च्या मार्चमध्ये, आणि त्याची खात्री करायला नमुने अमेरिकेत न्यावे लागले. तोवर रोग डुकरांसोबत एका भागातून दुसऱ्या भागात पोचला होता. शंभरच्या वर माणसं गेली, दहा लाखांच्या आसपास डुकरं मारावी लागली. काहीतरी वेगळं आहे हे ओळखणारी आणि ते लगेच वर कळवणारी प्रयोगशाळा जनावरांच्या जवळ असावी लागते. तिला बीएसएल-३ लागतंच असं नाही.

बुळकांड्याचं (गुरांच्या रिंडरपेस्ट रोगाचं) उदाहरणही डोळ्यांसमोर ठेवा. २०११ मध्ये तो जगातून गेल्याची घोषणा झाली. लशीइतकाच त्यात वाटा होता रक्तद्रवातली प्रतिपिंडं शोधणाऱ्या साध्या एलायझा चाचणीचा. एकाच प्रकारची किट, एकसारखं प्रशिक्षण आणि उत्तरांची नियमित पडताळणी, असं आफ्रिका-आशियातल्या प्रयोगशाळांचं जाळं अन्न व कृषी संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने मिळून उभं केलं.

आता कक्षाबद्दल. २००७ मध्ये इंग्लंडमधल्या पिरब्राइट इथल्या पशुरोग संशोधन केंद्राच्या आवारातून लाळ्या खुरकुताचा विषाणू बाहेर पडला आणि आसपासच्या शेतांवर रोग आला. त्या ठिकाणी सुरक्षेचा दर्जा वरचा होता. सांडपाण्याचे नळ मात्र जुने, तडे गेलेले, आणि त्यांच्या दुरुस्तीचा प्रश्न आधीपासून रेंगाळत होता. २०१९ मध्ये चीनमधल्या लँझोऊत एका लस कारखान्याने मुदत संपलेलं जंतुनाशक वापरलं. बाहेर जाणारी हवा नीट निर्जंतुक झाली नाही, वाऱ्याबरोबर ब्रुसेला पसरला, आणि दहा हजारांहून जास्त माणसांना संसर्ग झाला. एका ठिकाणी नळ, दुसऱ्या ठिकाणी जंतुनाशकाची मुदत. दोन्हीकडे पैसा होता, यंत्रणा होती. मग जिथे तपासणीच्या पट्ट्यांनाही पैसे मिळत नाहीत तिथे कक्ष किती वर्षं सुरक्षित राहील, हा प्रश्न मदत देणाऱ्यांसमोर स्पष्ट मांडा. बांधकामाला निधी सहज मिळतो, कारण त्याचं उद्घाटन करता येतं. दाराचं गॅस्केट (हवाबंद ठेवणारी रबरी पट्टी) बदलण्याचं उद्घाटन होत नाही.

माझं मत विचाराल तर कक्ष आत्ता घेऊ नका. तेवढ्याच पैशांत कॅबिनेटची दरवर्षी तपासणी, विजेचा भरवशाचा पर्याय, एक कायमस्वरूपी जैवसुरक्षा अधिकारी आणि तंत्रज्ञांना टिकवून ठेवणारा पगार मागा. शिकवून तयार केलेली माणसं पगारासाठी निघून गेली की प्रयोगशाळा पुन्हा शून्यावर येते. हे मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की आता पहिला प्रश्न मी पगाराचाच विचारते.

दाबमापक

मी पशुवैद्य नाही, अशा कक्षांची हवा आणि यंत्रं सांभाळणारा अभियंता आहे. वरच्या प्रतिसादात थोडी भर घालतो.

बीएसएल-३ म्हणजे हवा सतत बाहेरून आत ओढली जाणं. वीज गेली आणि जनरेटर सुरू व्हायला वेळ लागला तर तेवढ्या वेळात दाब उलटू शकतो. दाब नोंदवणारं मीटर बंद पडलं तर दाब उलटल्याचंही कुणाला कळत नाही. हेपा फिल्टर (हवेतले अतिसूक्ष्म कण अडवणारे) बदलायचे असतात आणि बदलण्याआधी ते जागच्या जागी निर्जंतुक करावे लागतात. बऱ्याच देशांत हे काम करणारा प्रमाणित माणूसच नसतो, त्याला विमानाने बोलवावं लागतं. म्हणून शेजारच्या देशांनी मिळून दोन-तीन तंत्रज्ञ शिकवावेत आणि त्यांना आळीपाळीने फिरवावं. एकट्या प्रयोगशाळेला हे परवडत नाही.

तुमचं कॅबिनेट आत्ता फक्त टेबल आहे असं समजा. हवेचा वेग, धुराची चाचणी आणि फिल्टरच्या गळतीची चाचणी, या तिन्ही होईपर्यंत त्यात धोक्याचं काही उघडू नका. ऑटोक्लेव्हसाठी जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या उष्णतेला दाद न देणाऱ्या जंतूच्या बीजाणूंच्या पट्ट्या मागवा. रंग बदलणारी चिकटपट्टी फक्त उष्णता लागल्याचं सांगते, जंतू मेल्याचं नाही. बीजाणूंची पट्टी भरगच्च पिशवीच्या मधोमध ठेवा, कारण वाफ तिथेच पोचत नाही.

रानफूल

दोघांचेही मनापासून आभार. फ्रीझरचं काय करू? वरिष्ठ म्हणतात की ते संशोधनाचं भांडार आहे, नष्ट केलं तर परत मिळणार नाही. आणि परदेशी पाठवलेले नमुने तिकडेच राहतात, त्यावर शोधनिबंध येतात आणि त्यांत आमचं नावही नसतं, ही त्यांची तक्रार मला खरी वाटते.

निदानरेषा

तक्रार खरीच आहे. म्हणून करार न करता एकही कुपी बाहेर जाऊ देऊ नका. नमुना कशासाठी वापरला जाईल, उरलेला कुठे राहील, जनुकीय माहिती कोणाच्या नावावर प्रसिद्ध होईल, हे पाठवण्याआधी लेखी ठरवा. जैविक साधनांचा वापर आणि त्यातल्या लाभाची वाटणी यांबाबतचा नागोया करार २०१४ पासून लागू आहे. तुमचा देश त्यात असेल तर संबंधित खात्याला आधीच विचारा. जागतिक प्राणी आरोग्य संघटनेच्या जोडी-प्रयोगशाळा कार्यक्रमाचीही चौकशी करा. त्यात संदर्भ प्रयोगशाळा तुमच्या लोकांना शिकवते आणि हळूहळू निदान तुमच्याकडेच होऊ लागतं.

आठवड्यांचा उशीर बहुतेक वेळा विमानात होत नाही, कागदांत होतो. आयात परवाना साथ आल्यावर मागू नका, आत्ताच काढून ठेवा. आजारी जनावरांचे बहुतेक नमुने यूएन ३३७३ या (धोकादायक मालाच्या वाहतुकीसाठीच्या) वर्गात तिहेरी वेष्टनात जातात. लाळ्या खुरकूत किंवा आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा वाढवलेला विषाणू मात्र यूएन २९०० या जास्त कडक वर्गात येतो आणि तो नेणारी वाहतूक कंपनी मिळणंच अवघड असतं. निष्क्रिय केलेल्या नमुन्याला या अडचणी फारशा येत नाहीत.

आता भांडार. ज्या कुपीत काय आहे हेच माहीत नाही तिचा संशोधनाला उपयोग नाही, चोराला मात्र असू शकतो. आज फ्रीझरला कुलूप लावा, किल्ल्या दोघांकडेच ठेवा आणि प्रत्येक उघडण्याची तारीख, वेळ, सही नोंदवा. मग दोघांनी मिळून यादी करायची: कप्पा, डबा, कुपीवर जे वाचता येतं ते. झाकण उघडायचं नाही. कुपी तडकलेली किंवा गळकी दिसली तर डबा तसाच बंद करून थांबायचं.

ओळख पटलेल्या आणि खरंच मोलाच्या कुप्या राष्ट्रीय किंवा संदर्भ प्रयोगशाळेकडे सोपवा. बाकीच्या न उघडता ऑटोक्लेव्ह करा, बीजाणूंच्या पट्टीने खात्री करा, दोघांच्या सहीने नोंद ठेवा. पिरब्राइटने २०१९ मध्ये बुळकांड्याच्या विषाणूंची जनुकीय क्रमवारी नोंदवून आपल्याकडचा साठा नष्ट केला, ३ हजारांहून जास्त कुप्या होत्या. माहिती राहिली, धोका गेला. वरिष्ठांना हे उदाहरण सांगा, त्यांचा विरोध बहुधा मावळेल.

आणखी एक, हे काम सुरू करण्याआधी. फ्रीझर हाताळणाऱ्या सगळ्यांच्या रक्तद्रवाचा नमुना आत्ताच घेऊन जपून ठेवा, आणि पुढच्या काही महिन्यांत कुणालाही रेंगाळणारा ताप, घाम, सांधेदुखी झाली तर डॉक्टरांना ब्रुसेलाचं नाव स्वतःहून सांगायला सांगा. सफाई करणाऱ्या मावशींनाही यातून वगळू नका, ऑटोक्लेव्हची पिशवी त्याच उचलतात.