मिठाच्या पाण्याच्या पूलमध्ये गंजाचे डाग, काय करू?

अलिबागला आमच्या होमस्टेचा पूल आहे, मिठाच्या क्लोरिनेटरवाला (म्हणजे मिठापासून क्लोरीन बनवणारं यंत्र). शिडीच्या बुडाशी तांबूस डाग पडलेत, घासून घासून हात दुखले पण जात नाहीत. अ‍ॅसिड मारू का?

– थांबा दादा, अ‍ॅसिड नको, टाइल्समधलं ग्राउट खाईल ते. आधी व्हिटॅमिन सीची गोळी डागावर अर्धा मिनिट घासा, फिकट झाला तर डाग लोखंडाचाच. मग क्लोरिनेटर बंद करून क्लोरीन उतरलं की अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड (म्हणजे व्हिटॅमिन सीच) टाका, नाहीतर ते क्लोरीनमध्येच वाया जातं.

– शिडी ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची असेल तर मिठात गंजणारच, ३१६ ग्रेडची घ्या, स्क्रूसुद्धा तेच. आमच्याकडे शिडी धड होती, दिव्याच्या एका स्क्रूचा ओघळ निघाला. झिंकचा अ‍ॅनोड (जस्ताचा तुकडा) बसवा, शिडीऐवजी तो झिजतो.

– गोळीने फिकट झाला!! शिडीचं बूड उघडलं तर आत नुसता गंजाचा भुगा. बदलतोच आता.