अनुभव धागा: दिव्यांगांचा पैसा नेमका कुठं अडतो? (कोल्हापूर आणि आसपास)

पेठकर
संजय गांधी योजनेत दिव्यांगांची पेन्शन ऑक्टोबर 2025 पासून 1500 ची 2500 झाली, त्यावर काल कट्ट्यावर बोलणं निघालं आणि तहसील कचेरीच्या व्हरांड्यातल्या फाइलींचे जुने दिवस डोळ्यांपुढं आले. रक्कम वाढली, चांगलंच झालं. पण ती अडते कुठं हे माहीत नसेल तर वाढीचा उपयोग नाही. पेन्शन, दाखला, नोकरी, बँक, प्रवास, साहित्य, ज्याला ज्यातलं कळतं त्यानं ते लिहावं. मोघम नको, नेमकं लिहा.

सुरुवात मी करतो. या योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50,000 आहे, इतर लाभार्थ्यांना 21,000. टेबलावर 21,000 सांगून कोणी परत पाठवलं तर माघारी फिरू नका, दिव्यांगांचा निकष वेगळा आहे म्हणून सांगा. खरं तर 50,000 सुद्धा अन्यायच आहे, महिन्याला 4,166 रुपये पडतात. त्यात अख्खं कुटुंब आणि वर औषधं.

मंजूर होऊन पैसे न येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे आधार. अर्जात कुठलंही खातं लिहा, पैसे आधारला सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. सिम घेताना दुकानदारानं पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलेलं असेल तर पेन्शन तिथं साठत बसते आणि घरचे समजतात बंद झाली. ‘माय आधार’च्या साइटवर ओटीपी टाकून बँक सीडिंग स्टेटस बघा, बँकेचं नाव दिसतं. चुकीची बँक असेल तर पाहिजे त्या बँकेत जाऊन ‘डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार जोडणी’चा फॉर्म भरा आणि पोच घ्या. केवायसीला आधारची झेरॉक्स दिली म्हणजे जोडणी झाली असं नाही.

राजारामपुरीची मावशी
हयातीच्या दाखल्याचं पण लिहा की. बोटं उमटत नाहीत म्हणून माणसं माघारी येतात.

पेठकर
मावशी, बोटं नसतील किंवा झिजली असतील तर आधारची नोंदणी बुबुळांवरनं होते. बोटं आणि बुबुळं दोन्ही शक्य नसेल तर ‘अपवाद’ म्हणून करून द्यावीच लागते. चेहऱ्यावरनं ओळख पटवायची सोयही आहे. कुष्ठरोगातनं बऱ्या झालेल्यांना हे कोणी सांगत नाही, सांगायला पाहिजे. एकदा आधारमध्ये अपवादाची नोंद झाली की पुढं बोलायला पुरावा हातात असतो.

कानतपासणी
टक्क्यांचं गणित लिहिते, कारण सगळा पैसा 40 टक्के दिव्यांगत्व या आकड्यावर अडतो आणि तो आकडा कसा निघतो हे वैद्यकीय बोर्डापुढं कोणी समजावत नाही.

कानाचं सूत्र असं: चांगल्या कानाचे बहिरेपणाचे टक्के गुणिले 5, त्यात खराब कानाचे टक्के मिळवा, भागिले 6. एक कान पूर्ण गेला आणि दुसरा ठणठणीत असेल तर 100 भागिले 6, म्हणजे 17 च्या आत. म्हणून एका कानानं बहिऱ्या माणसाला 40 टक्के मिळत नाहीत. डॉक्टरनं मुद्दाम कमी लावले असं वाटतं, पण सूत्रच तसं आहे. डोळ्याचंही तेच. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा 6/6 असेल तर 30 टक्के.

पण दोन व्याधी असतील तर एकत्र टक्केवारी काढतात, आणि तिथंच लोकांचं नुकसान होतं. नुसती बेरीज नसते. मोठा आकडा घ्यायचा, 90 मधनं तो वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्यानं गुणून 90 नं भागायचं आणि जे येईल ते मोठ्या आकड्यात मिळवायचं. डोळा 30, कान 20 असेल तर 20 गुणिले 60 भागिले 90, म्हणजे 13.3. एकूण 43. माणूस पात्र! म्हणून यूडीआयडीचा (दिव्यांग ओळखपत्राचा) अर्ज भरतानाच दोन्ही प्रकार निवडा. एकच निवडला तर दुसऱ्या विभागाकडं तुम्हाला पाठवतीलच असं नाही.

लहान लेकरं ऑडिओमेट्रीला (आवाज ऐकू आला की खूण करायची तपासणी) नीट प्रतिसाद देत नाहीत, त्यांची बेरा तपासणी (आवाजाला कानाची नस देते तो प्रतिसाद मोजणारी) लागते. मूल झोपेत असताना ती होते, त्यामुळं जाण्याआधी झोपवून नेऊ नका, जागं ठेवून न्या.

गडहिंग्लजकर
38 टक्के लागलेल्यांनी काय करायचं ताई?

कानतपासणी
दिव्यांग हक्क अधिनियम 2016 च्या कलम 59 खाली अपील करता येतं. अपिलात ‘कमी दिले’ एवढंच लिहून भागत नाही. कुठली तपासणी राहिली, कुठल्या सांध्याची किंवा कानाची नोंद चुकली, ते लिहायचं आणि ताजा रिपोर्ट जोडायचा.

40 च्या आत असलात तरी कार्ड काढाच, पांढऱ्या पट्टीचं मिळतं. 40 ते 79 ला पिवळी, 80 च्या पुढं निळी. 40 च्या आतल्या पण लिहायला अडचण असलेल्या परीक्षार्थींना केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखनिक मिळतो. तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळही. कॉलेजनं ‘40 पाहिजेत’ म्हटलं तर हे दाखवा.

शाहूपुरी
हे सगळे आकडे फ्रिजवर चिकटवून ठेवावेत असे आहेत. धन्यवाद ताई.

प्रेस शॉप, शिरोली
एमआयडीसीतल्या पोरांसाठी. पॉवर प्रेसमध्ये बोट गेलं की मालक म्हणतो दवाखान्याचं मी बघतो, वर पाच-दहा हजार हातावर ठेवतो, आणि पोरगं सही करतं. थांबा. कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यातल्या अनुसूचीत बोटागणिक टक्के आहेत: अंगठा 30, तर्जनी पूर्ण 14, मधलं पूर्ण 12, एका हाताची चारी बोटं 50. हे कमाईची क्षमता किती गेली त्याचे टक्के. यूडीआयडीचे टक्के वेगळे, एक दुसऱ्यात मिसळू नका. नुसती तर्जनी गेलेल्याचं कार्डावर 40 होणार नाही, पण ईएसआयची (कामगार राज्य विम्याची) कायम अपंगत्वाची रक्कम दरमहा, जन्मभर मिळू शकते.

त्यासाठी अपघाताचा फॉर्म 12 मालकानं भरलेला पाहिजे. ‘घरी पडला’ असं केसपेपरवर लिहिलं गेलं की सगळं संपलं. पहिल्या दवाखान्यात पहिलाच माणूस काय विचारतो त्याला मशीनचं नाव, वेळ आणि शिफ्ट सांगा, आणि तेच लिहिलंय का वाचून बघा. हजेरीचा फोटो, साक्षीदार कामगारांची नावं त्याच दिवशी टिपून ठेवा.

आणखी एक. ईएसआयची पगारमर्यादा सगळ्यांना 21,000 पण दिव्यांग कामगाराला 25,000 आहे. 22 हजारावर गेलास म्हणून ईएसआय बंद केलं असं एचआर म्हणत असेल तर दिव्यांगाच्या बाबतीत ते चूक आहे.

गडहिंग्लजकर
चरकात हात गेलेल्यांचं पण हेच का? गुऱ्हाळावरचे लोक.

प्रेस शॉप, शिरोली
ईएसआय गुऱ्हाळाला बहुतेक नसतं. तिथं कामगार नुकसानभरपाईचा दावा मालकावर. अनुसूचीतले टक्के तेच. पुरावा जास्त लागतो कारण हजेरीपट नसतो, उचल दिल्याची वही किंवा फोन-पेची नोंद जपून ठेवा.

काठीवाला
अंध विक्रेत्यांसाठी नोटांचं लिहितो, कारण रोजची फसवणूक तिथंच होते.

नव्या नोटांची लांबी: 10 ची 123 मिलिमीटर, 20 ची 129, 50 ची 135, 100 ची 142, 200 ची 146, 500 ची 150. शेवटच्या तिन्हींची उंची 66 च, फरक फक्त चार-चार मिलिमीटरचा. गिऱ्हाईक उभं असताना बोटांना तो लागत नाही. सगळ्यात घातक जोडी म्हणजे जुनी 20 ची आणि नवी 200 ची. जुनी 20 ची 147 मिलिमीटर लांब, म्हणजे 200 पेक्षा एकानं मोठीच! फरक उंचीत आहे, तिची 63. म्हणून नुसती लांबी बघू नका, दोन्ही बाजू मोजा. पुठ्ठ्याची पट्टी करायची, काठावर प्रत्येक लांबीला खाच पाडायची आणि दुसऱ्या बाजूला 63 व 66 ची खूण. नोट दुमडलेली असेल तर आधी मांडीवर सरळ करा.

कडेच्या उठावाच्या रेघा 100 आणि 200 ला चार, 500 ला पाच. 200 ला रेघांमध्ये दोन गोलही आहेत. कोरी नोट असेल तर लागतात, मळली की उठाव जातो. रिझर्व्ह बँकेचं ‘मणी’ ॲप 2020 पासून आहे, इंटरनेटशिवाय चालतं आणि नोट बोलून सांगतं. यूपीआयवाल्यांनी बोलणारा स्पीकर घ्या, गिऱ्हाइकानं दाखवलेला स्क्रीन आपल्या काय कामाचा?

आणि बँका. चेकबुक, एटीएम, लॉकर अंध आहे म्हणून नाकारता येत नाही, रिझर्व्ह बँकेनं 2008 मध्येच लेखी सांगितलंय. ‘तुमच्याच सुरक्षिततेसाठी देत नाही’ हे वाक्य ऐकलं की म्हणा, हेच लिहून द्या. बहुतेकदा लिहून देण्याऐवजी फॉर्म देतात. मोबाइलवरच्या केवायसीत डोळे मिचकावा म्हणतात ना, त्यावर सर्वोच्च न्यायालयानं 30 एप्रिल 2025 ला निकाल दिलाय, डिजिटल केवायसी दिव्यांगांना जमेल अशी करावी म्हणून.

राजारामपुरीची मावशी
अगं बाई, एवढं सगळं! लोक भाजीच्या पैशात सुद्धा फसवतात आंधळ्या माणसाला. जीव तुटतो. काठीवाले दादा, ती पुठ्ठ्याची पट्टी करून कोणी वाटेल का? दसरा चौकात बसणाऱ्यांना देता येईल.

काठीवाला
प्लास्टिकच्या फुटपट्टीची करा मावशी, पुठ्ठा पावसात टिकत नाही.

शाहूपुरी
रेल्वेचं कोणाला माहितीय? टर्मिनसवर यूडीआयडी चालतं का?

आजरा फाटा
रेल्वेचं दिव्यांगजन कार्ड वेगळं. ऑनलाइन अर्ज करायचा, कोल्हापूर पुणे विभागात येतं. रेल्वेच्या नमुन्यातला सवलतीचा दाखला लागतो, सरकारी डॉक्टरचा सही-शिक्का स्पष्ट पाहिजे. अस्पष्ट शिक्क्यावर अर्ज परत येतात. सवलत सगळ्यांना नाही: सोबतीशिवाय प्रवास न जमणारे अस्थिव्यंग, पूर्ण अंध, मतिमंद आणि मूकबधिर. सोबत्यालाही तेवढीच. स्लीपरला 75 टक्के (मूकबधिरांना 50). एसटीचं सोपं आहे, 40 टक्के दिव्यांगत्वाच्या पुढं 75 टक्के सवलत.

उद्यमनगर फॅब्रिकेशन
रॅम्पचं लिहितो, यात फुकटचा पैसा जातो म्हणून. पेठेतल्या घरांना दोन पायऱ्या म्हणजे 14 इंच. उतार 1 ला 12, तर रॅम्प 14 फूट. जागा नाही म्हणून 5 फुटांत बसवून देणारे आहेत, त्यावर खुर्ची मागं उलटते. जागा नसेल तर मध्ये सपाट भाग ठेवून वळवा. रुंदी 3 फूट, कडेला 2 इंची पट्टी, नाहीतर पुढचं लहान चाक बाहेर उतरतं. दोन सुट्या चॅनेलचा रॅम्प घेऊ नका, पुढची चाकं चॅनेलला जुळत नाहीत. चेकर्ड प्लेट पावसात निसरडी होते, वर वाळू मिसळून रंग द्या.

खुर्ची घेण्याआधी बाथरूमचं दार मोजा. 18 इंची सीटची खुर्ची बाहेरनं 25-26 इंच असते आणि जुन्या घरातलं दार 24. दार बाहेर उघडणारं करा, आत कोणी पडलं तरी उघडता येतं.

स्कूटरला साइड व्हील लावताना ती स्प्रिंगवर असावीत. घट्ट बसवली की खड्ड्यावर मधलं चाक अधांतरी होतं, आणि ब्रेक तर त्याच चाकाला! आरसीवर बदलाची नोंद करून घ्या, नाहीतर विम्याचा दावा अडतो.

इचलकरंजीची आई
मतिमंद, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बहुविकलांग मुलं 18 ची झाली की पालकांची सही आपोआप चालत नाही. नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली पालकत्वाचा दाखला काढावा लागतो, जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडं. वडिलांची पेन्शन पुढं मुलाला मिळायची असेल तेव्हा तो शोधत बसण्यापेक्षा आधीच काढा. त्याच कायद्याखालची निरामय विमा योजना बघा: 1 लाखापर्यंत, ओपीडीसकट, आधी वैद्यकीय तपासणी नाही. दारिद्र्यरेषेखाली 250, बाकीच्यांना 500 नोंदणी. नूतनीकरण विसरू नका.

गडहिंग्लजकर
गावातल्यांनी ग्रामपंचायतीचा 5 टक्के निधीही विचारा. स्वउत्पन्नातला असतो, दिव्यांगांवरच खर्च करायचा असतो. ग्रामसभेत तोंडी नको, लेखी अर्ज आणि पोच. आधी दिव्यांग नोंदवहीत नाव आहे का बघा.

शाहूपुरी
कानतपासणी ताई, अवांतर आहे, पण कानाचं मशीन पावसाळ्यात सारखं बंद पडतंय. 13 नंबरचा सेल चार दिवसांत संपतो.

कानतपासणी
स्टिकर काढल्यावर लगेच बसवता का? एक मिनिट हवेत ठेवून मग बसवा. त्यात हवा शिरली की तो चालू होतो. एकदा स्टिकर काढला की वापरा न वापरा, तो संपतच जातो, परत चिकटवून उपयोग नाही. रात्री सेल काढून, दार उघडं ठेवून मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा. आणि कानातल्या साच्याची नळी पिवळी, कडक झालीय का बघा. झाली असेल तर बदला, आवाज तिथंच अडतो.