गिटारवरची सरांची सही पुसट व्हायलीय, वरून लॅकर मारू का?

अंबाजोगाईकर

नमस्कार मंडळी. मी अंबाजोगाईचा. पाच वर्षं दर रविवारी सकाळच्या एसटीनं लातूरला गिटार शिकायला जायचो. सर आधी ऑर्केस्ट्रात होते. गणपती, उरूस, लग्नं असं सगळीकडं वाजवून झाल्यावर त्यांनी क्लास काढला होता. १४ जून २०१९ ला मी जुन्या बाजारातून माझी पहिली इलेक्ट्रिक गिटार घेतली, स्ट्रॅट नावाच्या प्रसिद्ध मॉडेलच्या घाटाची, क्रीम रंगाची. तशीच सरांना दाखवायला नेली. त्यांनी ती तासभर वाजवली, मग टेबलावरचा काळा परमनंट मार्कर उचलला आणि बॉडीवर लिहिलं, "वाजवत राहा." खाली सही आणि तारीख.

सर गेल्या दिवाळीनंतर गेले.

सही नेमकी अशा जागी आहे की वाजवताना माझा उजवा हात कोपराखाली तिथंच टेकतो. आमची खोली पत्र्याची. मे महिन्यात हाताखाली घामाचं तळं साचतं. परवा उजेडात बघितलं तर "राहा"मधल्या शेवटच्या "हा"चा काना जवळजवळ गेलेला. पोटात खड्डा पडला.

ओळखीचा फर्निचर पॉलिशवाला म्हणाला, "आण इकडं, लॅकर मारून देतो, जन्मात पुसायची नाही." एक मित्र म्हणतो, आधी तसल्याच मार्करनं गिरवून घे, मग काचेच्या पेटीत ठेव. आमच्या गावात दासोपंतांची पासोडी आहे. चाळीस फुटांच्या कापडावर लिहिलेला मजकूर चारशे वर्षं जपलाय लोकांनी, मग माझ्या दोन शब्दांचं काहीतरी होईलच की. पण पेटीत ठेवायचं मन होत नाही. सरांनीच लिहून ठेवलंय वाजवत राहा म्हणून. काय करू?

वाळूजचा पेंटर

दादा, आधी गिटार त्या पॉलिशवाल्याकडं नेऊ नका. मी सतरा वर्षं पेंट शॉपमध्ये आहे, म्हणून सांगतो.

परमनंट मार्करची शाई अल्कोहोलमध्ये विरघळवलेला रंग असते. पाण्यानं जात नाही म्हणून तिला परमनंट म्हणायचं. लॅकर थिनरमध्ये असतं, स्पिरिट पॉलिश स्पिरिटमध्ये, आणि हे दोन्ही त्या शाईला सोडवतात. ब्रश फिरवला की सही काळ्या डागासारखी पसरेल. स्प्रेनं मारलं तरी पहिला हात जरा ओला पडला की अक्षरांच्या कडा फुटतात.

समजा फुटल्या नाहीत, तरी दुसरी अडचण आहे. तुमच्या गिटारवर बहुतेक पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनचा चकचकीत थर असेल, हल्लीच्या बहुतेक गिटारींवर तोच असतो. गुळगुळीत थरावर नवा क्लिअर कोट धरत नाही. धरायला हवा असेल तर आधी ८०० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून जागा मॅट करावी लागते. आता सहीवर पेपर कसा फिरवणार? न घासता मारला तर वर्ष-दोन वर्षांत पापडी सुटेल, आणि पापडीबरोबर शाई निघून येईल. गाड्यांना मारतात तो हार्डनरवाला क्लिअर कडक असतो हे खरं, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. घरी, बिनामास्कचं ते काम नाही, फुप्फुसाशी खेळ आहे.

पाण्यावरचं अॅक्रिलिक त्यातल्या त्यात सौम्य, पण त्यातही थोडं सॉल्व्हंट असतंच. कुणी फारच आग्रह केला तर पिकगार्ड, म्हणजे तारांखालची स्क्रूनं बसवलेली प्लॅस्टिकची पाटी, काढा, त्याच्याखाली तोच रंग झाकलेला असतो. तिथं तसल्याच मार्करनं दोन अक्षरं लिहून आठवडाभर वाळू द्या आणि पहिला प्रयोग त्या अक्षरांवर करा. सहीवर नको.

आणि आजपासून त्या जागेला गिटार पॉलिश, कार वॅक्स, सॅनिटायझर, डिओ यातलं काहीही लागू देऊ नका. सॅनिटायझरचा हात एकदा फिरला तरी संपलं.

फर्दापूरहून

मी अजिंठ्याला गाईड आहे. गिटारीतलं मला काही कळत नाही, पण "वरून काहीतरी मारू" हे वाचलं आणि राहवलं नाही.

१९२० ते २२ च्या दरम्यान निजाम सरकारनं लेण्यांतली चित्रं वाचवायला इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी यांना आणलं. भिंतींचा सुटत चाललेला गिलावा त्यांनी धरून ठेवला, ते काम मोठंच. पण चित्रांवर लाखेचं व्हार्निशही चढवलं. पुढं ते पिवळं पडलं, काळवंडलं, आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना ते काढत बसावं लागलं. निगुतीनं, चांगल्या मनानं लावलेला थर होता तो. तुमच्या पॉलिशवाल्याचं मनही चांगलंच असेल. पण जे लावल्यावर परत काढता येत नाही, ते लावू नका.

गिरवूही नका. गिरवलेला काना तुमचा होईल, सरांचा राहणार नाही. आज जी रेघ पुसट आहे ती निदान त्यांच्या हातची आहे.

उजेडाचंही बघा. चित्रांच्या लेण्यांत फ्लॅश मारू देत नाहीत, आतला उजेड मंद ठेवतात. रंग उजेडानं उडतो आणि उडालेला परत येत नाही. मार्करच्या शाईचंही तेच. गिटार खिडकीसमोरच्या भिंतीला टांगलेली असेल तर आजच उतरवा.

नांदेडची सहा तार

दादा, वाजवणं बंद करू नका. मी रोज वाजवते आणि माझ्या गिटारवरही एक सही आहे, म्हणून माझा उपाय सांगते.

झेरॉक्सच्या दुकानात ओएचपी शीट मिळते का बघा, पॉलिएस्टरची, पारदर्शक. मोठ्या मऊ ब्रशनं सहीवरची धूळ आधी अलगद उडवा. धूळ खाली राहिली तर तीच पेपरासारखी घासते. मग शीट सहीपेक्षा चारी बाजूंनी दोन-तीन इंच मोठी कापा. पिकगार्डचे त्या बाजूचे स्क्रू ढिले करून एक कड आत सरकवा, स्क्रू परत बसवा. दुसरी कड बॉडीच्या मागं वळवून तिथं टेपनं चिकटवा. टेप सहीच्या बाजूला आणूच नका. शीट ताणून बसली पाहिजे, हलली तर खाली घासत राहील. खराब झाली की काढायची, नवी घालायची. पेंटर काकांच्या शाईलाही धक्का नाही आणि फर्दापूरच्या काकांचंही ऐकल्यासारखं होतं.

मोबाईलला लावतात तसली चिकट फिल्म मात्र नको. काढताना शाई घेऊन येईल. मऊ प्लॅस्टिकचं कव्हरही नको, जुन्या नायट्रो फिनिशला, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या थराला, ते चिकटून बसतं. तुमची जुन्या बाजारातली आहे, फिनिश कोणता ते खात्रीनं कळेपर्यंत जपा.

घामासाठी आपण उन्हाळ्यात स्कूटीवर घालतो ती सुती बाही घाला, कोपराच्या वरपर्यंत. मी घालते. स्ट्रमिंगला दोन दिवस विचित्र वाटतं, मग सवय होते.

आणि हे सगळं करायच्या आधी फोटो काढा. सावलीत, फ्लॅश न मारता, शेजारी पट्टी ठेवून.

वाळूजचा पेंटर

ताई, शीटचं बेस्ट. एकच भर घालतो. आपल्याकडं उन्हाळाभर कूलर चालू असतो, त्याच्या हवेच्या झोतात गिटार ठेवू नका. रात्री ओल आणि दुपारी कोरडं, यानं नेक, म्हणजे गिटारीची मान, वाकडी होते, तारा गंजतात. हार्ड केसमध्ये ठेवा. केसमध्ये डांबर गोळ्याही नकोत, त्यांच्या वाफेनं प्लॅस्टिकचे भाग मऊ पडू शकतात.

अंबाजोगाईकर

सगळ्यांचे मनापासून आभार. पॉलिशवाल्याला नाही म्हणून कळवलं. गिटार खरंच पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगली होती, ती काल रात्रीच उतरवली.

आज तीन दुकानं फिरल्यावर मोंढ्याजवळ एका जुन्या झेरॉक्सवाल्याकडं ओएचपी शीट मिळाली. पाकीट पिवळं पडलेलं, पण आत दहा शीट कोऱ्या. पहिली वाकडी कापली गेली, दुसरी बसली. पिकगार्ड उघडला तर खालचा क्रीम रंग वरच्यापेक्षा कितीतरी पांढरा निघाला. एवढ्या वर्षांत उन्हानं काय केलंय ते तिथं डोळ्यांनी दिसलं. बायकोची सुती बाही घालून अर्धा तास वाजवली. हात थोडा सरकतो, पण सही कोरडी आहे.

बसवायच्या आधी फोटो काढला आणि काकूंना, म्हणजे सरांच्या घरी, पाठवला. त्यांचा फोन आला. अक्षर बघून बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "शेवटचा काना कुठं गेला रे?" मी म्हणलं, काकू, माझा हात रोज तिथंच टेकत होता. त्या म्हणाल्या, "म्हणजे वाजवत होतास."

काना गिरवलेला नाही.