बोहारणीच्या गाठोड्यातून परत आलेलं: जुन्या कपड्यांचे अनुभव

(पुणे, चर्चेचा धागा सुरू करताना)

मागच्या दिवाळीत माहेरी बोहारीण दारात बसली होती. स्टीलच्या पातेल्यावरून आईची तिच्याशी घासाघीस चाललेली. "ताई, अजून एक जुनेर घाला, मग झाकण देते." आईने माळ्यावरून उतरवलेल्या ट्रंकेच्या तळाचं एक गाठोडं न बघताच उचललं. गाठ सैल होती म्हणून काठ दिसला. आईच्या आत्याची, म्हणजे माझ्या आत्येआजीची, लग्नातली नऊवारी पैठणी! झाकणाचा सौदा तिथेच मोडला. बोहारीण रागावली, आणि तिचं बरोबरच होतं.

साडी उलगडली तर डांबराच्या गोळ्यांचा भपका. जरी काळी पडलेली आणि प्रत्येक घडीवर उभी चीर, कारण कित्येक वर्षं तीच घडी. पण पदर उलटा केला आणि जीव हरखला. मागूनही मोर तसाच्या तसा, एक धागा लोंबत नव्हता. हातमागावरच्या पैठणीत नक्षीचे धागे एकमेकांत अडकवून तिथल्या तिथे परत फिरवतात, त्यामुळे मागची बाजूही पुढच्यासारखीच दिसते. यंत्रावरच्या साडीला मागे सुटे धागे तरंगत असतात किंवा ते कापून टाकलेले दिसतात.

जुनी जरी विकत घेणाऱ्याकडे आधी नेली (हो, मोह झाला). त्याने सरळ वजनकाटा काढला. त्याला साडी नको होती; काठपदर जाळून चांदी काढायची होती. रेशमी धाग्यावर चांदीची तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा, अशी ती जरी. घरी परत आणली.

मग एक म्हातारे रफूवाले चाचा भेटले. त्यांनी आधी साडीचं आतलं टोक मागितलं, नेसताना खोचलं जातं आणि कोणाला दिसत नाही ते. तिथूनच रेशीम उसवून त्यांनी चिरा भरल्या. नवीन धाग्याचा रंग कितीही जुळवला तरी उन्हात वेगळा पडतो म्हणे. काळी जरी घासून उजळायला साफ नकार दिला: "घासली की सोनं जाणार, खाली नुसती चांदी." एका घडीवर तर सुईच लावली नाही. "इथे सुई घातली तर सुईच फाडेल." तिथे मागून तलम रेशमाची पट्टी टाचून दिली, बस. तीन आठवडे लागले.

ती न भरलेली चीर मला अजून खुपते. तुमच्याकडे असं काही सापडलंय का? नीट करताना कुठे थांबलात?

(एडिनबरा)

इथे बोहारीण नाही, चॅरिटी शॉप आहेत. लोक कपडे दान देतात, विक्रीचे पैसे संस्थेच्या कामाला जातात. अशाच एका दुकानात 14 पौंडांना हॅरिस ट्वीडचं, म्हणजे जाड लोकरी कापडाचं, जॅकेट मिळालं. ओळखायची खूण म्हणजे आतल्या लेबलवरचा गोल आणि त्यावरचा क्रूस. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडल्या आउटर हेब्रिडीज बेटांवर, विणकराच्या राहत्या घरी विणलेल्या कापडालाच हे नाव लावता येतं. तसा 1993 चा कायदाच आहे.

कोपराखाली कसरीची चार भोकं होती. लोकर उडणारा पतंग खात नाही, त्याची अळी खाते, आणि अळी तशीच कपाटात गेली तर बाकीचे स्वेटरही गेले. म्हणून जॅकेट प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवलं. सासूबाई त्याच वेळी भारतातून आल्या होत्या. मटार काढायला गेल्या आणि बाही हाताला लागली. अजून सगळ्या नातेवाइकांना सांगतात, "यांच्याकडे फ्रीजमध्ये कोट असतात."

भोकं मीच भरली, आतल्या शिवणीतले धागे ओढून. जवळून कळतं, पण फार नाही. खरी चूक पुढे झाली. अस्तर विरलेलं होतं, ते बदलायला सुट्टीत गावच्या ओळखीच्या शिंप्याकडे दिलं. त्याने हौसेने चकचकीत मरून सॅटिन लावलं आणि जुनं अस्तर फेकून दिलं. लेबल त्या अस्तरावरच शिवलेलं होतं. आता हे हॅरिस ट्वीड आहे हे मला माहीत आणि मेंढीला माहीत.

(मुंबई)

लेबलचा विषय निघालाच आहे तर. जुन्या लिव्हाइस जीन्सच्या लाल पट्टीवर 1971 पर्यंत सगळी अक्षरं कॅपिटल असायची, नंतर ई छोटा झाला. त्या मोठ्या ईसाठी लोक वेडे होतात. पण कंपनीनेच पुढे जुन्या नमुन्यांच्या नव्या आवृत्त्या काढल्या, त्यांवरही मोठा ई असतो. त्यामुळे नुसत्या ई वर भुलू नका. मी भुललो.

(न्यू जर्सी)

अमेरिकेत कपड्याचं वय काढायला कामगार संघटनेचं लेबल फार उपयोगी पडतं. बायकांचे कपडे शिवणाऱ्यांच्या संघटनेचं, म्हणजे आयएलजीडब्ल्यूयूचं, शिक्का असलेलं छोटं लेबल शिवणीत दडलेलं असतं. ते लाल-पांढरं-निळं असेल तर कपडा 1974 नंतरचा. 1995 मध्ये ती संघटनाच दुसऱ्या संघटनेत विलीन झाली, म्हणजे त्याच्या अलीकडचा नसणार. माझा हिरवा कोट असा वीस वर्षांच्या कंसात बसवला आणि दिवसभर स्वतःवर खूश होते.

आता फजिती. एका इस्टेट सेलमध्ये (घरातलं सगळं सामान विकायला काढतात तो) टिकल्यांनी भरलेली, 1930 च्या आसपासची चोळीवजा जाकीट मिळाली. घामाचा वास होता म्हणून कोमट पाण्यात बुडवली. दहा मिनिटांनी पाणी चिकट, आणि काढून बघते तर टिकल्यांच्या जागी नुसते दोरे! त्या काळात टिकल्या जिलेटिनच्या करायचे. जिलेटिन, म्हणजे आपण जेली करतो तेच. एक सुटी टिकली आधी पाण्यात टाकून बघितली असती तर? नाही बघितली.

(सोलापूर)

मी शिवणकाम करते, माझ्याकडे बायका आईची, आजीची पोलकी घेऊन येतात. पहिलं काम म्हणजे कपडा उलटा करून माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड, बघायची. जुने शिंपी बगलेत आणि कडेला दोन-दोन बोटं माया सोडायचे, तेवढं उसवलं की नातीला बसतं. आजकालच्या तयार ब्लाउजला मायाच नसते, काय उसवणार? पण सुती असेल तरच बिनधास्त उसवा. सुती कापडावरची जुनी टाक्यांची भोकं पाण्याने, वाफेने बरीचशी बुजतात. रेशमावर ती ओळ तशीच राहते. आणि जुन्या कापडाला पॉलिएस्टरचा दोरा लावू नका. ताण आला की दोरा टिकतो, कापड फाटतं. सुती दोरा आधी तुटतो, तो परत घालता येतो.

सोलापूरला इरकली भरपूर येतात. त्यात अंग आणि पदर यांचे ताणे (उभे धागे) वेगळे असतात, ते मागावर फासे अडकवून जोडतात, त्याला टोपी-तेनी म्हणतात. तो जोड सैल झाला तर शिवणमशीन मारू नका. हातानेच टाचा.

(ठाणे)

सगळे जपण्याबद्दल बोलताय म्हणून घाबरत लिहितेय. मी आजीची इरकल कापली. अंग ठिकठिकाणी विरलं होतं, पदर मात्र लालभडक शाबूत. त्याचं बिनबाह्यांचं जॅकेट शिवलं आणि दर पंधरवड्याला घालते. उरलेल्या अंगाची गोधडी. मामी सहा महिने बोलत नव्हती. आजीने स्वतः मात्र आयुष्यभर लुगडी फाटली की दंड घातले, म्हणजे फाटका भाग काढून तुकडे जोडले, आणि दंडसुद्धा फाटला की त्याची दुपटी केली, हे मामीला कोण सांगणार?

(पुणे)

ठाणेकर, काही घाबरू नका. आधी माया शोधली असती तर बरं झालं असतं, एवढंच सोलापूरच्या ताई म्हणतील.

एक प्रश्न सगळ्यांनाच: पांढऱ्या सुती परकरावर ट्रंकेच्या गंजाचे डाग पडलेत. काय करू?

(सोलापूर)

लिंबू पिळा, मीठ भुरभुरवा, उन्हात ठेवा, मग साध्या पाण्यातून काढा. दोन-तीनदा करावं लागेल. क्लोरीनचं ब्लीच अजिबात नको, त्याने गंज आणखी पक्का बसतो. आणि हे फक्त पांढऱ्या सुतीला, पैठणीजवळ लिंबू नेऊ नका.

(पुणे)

गेला! तिसऱ्या उन्हात गेला, एक पिवळट वर्तुळ राहिलंय फक्त.

आणि पैठणी परवा बहिणीच्या मुलाच्या मुंजीत नेसले. चाचांची पट्टी टिकली. तिच्या वर वीतभर, जिथे काहीच नव्हतं, तिथे नवी चीर पडली. त्यांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "घडी बदलत जा. आतलं टोक अजून दीड हात शिल्लक आहे."